गप्प तो राजी

रविवारी सकाळी दहा वाजले आणि कोणीच काही बोललं नाही, तेव्हा भैय्यालाल नंदेश्वर यांचा आधी स्वतःच्या मोबाईलवरचा विश्वास उडाला. त्यांनी तो हलवून पाहिला, नेट गेलं असेल म्हणून खिडकीशी नेला, चष्मा पुसून परत पाहिलं. अभ्यासिकेच्या ग्रुपवर त्यांचेच तीन संदेश एकाखाली एक पडलेले होते. आठचा, नऊचा आणि दहाचा. तिन्हींत मजकूर एकच: रायपूरच्या गुढियारीतलं आमचं राहतं घर अभ्यासिकेला देत आहे, आम्ही नवरा-बायको मागच्या खोलीत राहू, कोणाचा विरोध असल्यास सांगावं. विरोध कोणाचाच नव्हता. म्हणजे घर गेलं.

आता कोणी म्हणेल, ज्याने आपल्या हाताने घर द्यायला काढलं त्याला ते गेल्याचा धक्का कसला? पण माणूस बोलतो एक आणि त्याच्या पोटात असतं दुसरंच. भैय्यालालांना अगदी पक्की खात्री होती की एक माणूस 'नाही' म्हणेल. ते माणूस म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी पायल, जी सहा वर्षांपासून आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात नर्स होती. बापाचं घर जातंय म्हटल्यावर पोरगी उसळून लिहील, बाबा, देऊ नका, मी परत येणार आहे. मग भैय्यालाल ठराव मागे घेतील, चारचौघांत हसून म्हणतील की पोरीपुढे इलाज नाही, आणि रात्री शांत झोपतील. सरळ फोन करून 'पोरी, तू परत येणार का' असं विचारणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्यासाठी त्यांनी अख्खं घर पणाला लावलं. अशी माणसं असतात, आणि त्यांना शहाणी म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे.

अभ्यासिकेची गरज मात्र खोटी नव्हती. पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, बुद्धविहारामागच्या एका खोलीत ती चालायची. उरला आणि सिलतरा या औद्योगिक भागांतल्या कारखान्यांत रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपतो, घर एकाच खोलीचं असतं, तिथे पोरांनी पाढा म्हटला तरी मार बसतो. अशी त्रेचाळीस पोरं त्या वीस जणांच्या खोलीत यायची आणि उरलेली पायऱ्यांवर बसून वाचायची. याच खोलीत शिकलेली काही मुलं आता देशोदेशी गेली होती. त्यांनीच तीन वर्षांपूर्वी म्हटलं की आम्हालाही कारभारात घ्या, लांब असलो तरी परके नाही. तेव्हा ग्रुप झाला आणि रेल्वेतून निवृत्त झालेले भैय्यालाल त्याचे सचिव झाले.

ठराव करायची विहाराची रीत जुनी. प्रश्न तीनदा विचारायचा, ज्याला पटत नसेल त्याने बोलायचं, आणि तिसऱ्यांदाही जो गप्प राहिला तो राजी धरायचा. भिक्खू संघात ही रीत शतकानुशतकं चालत आली. पण संघातली माणसं एका छताखाली समोरासमोर बसायची. कोणी डुलकी घेतली तर शेजारचा कोपराने ढोसायचा. मोबाईलवर कोपर कोण मारणार? हा विचार भैय्यालालांच्या मनात आला नाही. ते छत्तीस वर्षं सेक्शन कंट्रोलर होते, कानाला फोन लावून गाड्यांना वाट देण्यात त्यांचा डावा कान अधू झाला होता, आणि जगातली सगळी भांडणं वेळ पाळल्याने मिटतात असा त्यांचा ठाम समज होता. त्यांनी त्या जुन्या रीतीला रेल्वेचं घड्याळ बांधलं. रविवारी आठला पहिल्यांदा विचारायचं, नऊला दुसऱ्यांदा, दहाला तिसऱ्यांदा, आणि तिसऱ्यानंतर एक मिनिट थांबून ग्रुपला कुलूप. म्हणजे सचिव सोडून कोणालाच काही लिहिता येत नाही, ते थेट पुढच्या रविवारपर्यंत.

वेळ ठरवताना त्यांनी अन्याय केला असं मात्र कोणी म्हणू शकलं नसतं. चेतना नावाची पाऱ्यातलीच मुलगी, नव्या रायपूरच्या एका सरकारी कार्यालयात नोकरीला, ती सहसचिव. तिने वहीत चौकटी आखून सगळ्या देशांचा हिशोब लावला होता. आपल्या सकाळी आठला टोरंटोच्या राकेशकडे आदल्या रात्रीचे साडेदहा, मेलबर्नच्या यशदीपकडे दुपारचे साडेबारा, दुबईच्या विकीकडे साडेसहाचा चहा. सगळे जागे. फक्त पायलकडे पहाटेचे साडेतीन. याउलट आपल्या संध्याकाळी सहाला ठेवलं तर पायलची भर दुपार, राकेशची सकाळ, पण यशदीपला रात्री साडेबारापर्यंत जागावं लागणार. चेतनाचं म्हणणं होतं की एक महिना सकाळ ठेवू, एक महिना संध्याकाळ, म्हणजे त्रास वाटून जाईल. भैय्यालालांनी ते उडवून लावलं. गाडीची वेळ दर महिन्याला बदलली तर प्रवासी स्टेशनवरच राहतात, असं त्यांचं उत्तर होतं. शिवाय संध्याकाळ ठेवली तर लोक म्हणणार, बघा, सचिवाने आपल्या पोरीची सोय पाहिली.

त्यांच्या वडिलांनी त्यांना एक शिकवलं होतं. पंगतीत वाढणाऱ्याने आपल्या घरच्या माणसाला शेवटी वाढावं. चांगलीच शिकवण आहे. वाढणाऱ्याच्या घरचं माणूस त्यापायी पुष्कळदा उपाशी उठतं, तेवढं मात्र कोणी बोलून दाखवत नाही. भैय्यालालांनी सकाळची वेळ ठरवली आणि आपण स्वतःच्या पोटच्या पोरीला शेवटी वाढलं याचं त्यांना मनातून फार समाधान वाटलं.

तीन वर्षांत पायल ग्रुपवर एका अक्षराने बोलली नाही. सुरुवातीला भैय्यालालांनी समजून घेतलं की झोपली असेल. मग त्यांना राग यायला लागला. वर्षातून एकदा पहाटे उठायला काय जातं? इथे आम्ही जन्मभर रात्रपाळ्या केल्या. मग रागाची अढी बसली आणि रविवार दुपारच्या फोनवर ते 'बरी हायेस ना' एवढंच विचारून फोन बायकोकडे द्यायला लागले.

आणि आज घराचा प्रश्न होता, तरी ती गप्प.

दहा वाजून एक मिनिट झालं. भैय्यालालांनी अंगठा कुलपाच्या खुणेवर नेला. वाटलं, आज पाच मिनिटं थांबावं. पण गेल्याच वर्षी राकेशचा मोबाईल अडकला होता आणि त्याचा विरोध दहा वाजून चार मिनिटांनी त्यांच्या खाजगी नंबरावर आला, तेव्हा त्यांनी तो मोजला नव्हता. राकेशने पुढे महिनाभर ग्रुपवर तोंड उघडलं नाही. परक्याच्या पोराला जी तीन मिनिटं दिली नाहीत ती स्वतःच्या पोरीला कोणत्या तोंडाने द्यायची? त्यांनी कुलूप लावलं, आणि खाली लिहिलं, ठराव मंजूर. मग खुर्चीवर बसले.

घरात त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं. त्यांची बायको कांताबाई दर रविवारी सात वाजताच विहारात जायच्या, झाडलोट करायच्या, वंदनेला बसायच्या आणि अकराच्या सुमाराला परत यायच्या. भैय्यालाल एकटेच बसून भिंतींकडे पाहत राहिले. मोबाईलवर खाजगी संदेश येत होते. धन्य आहात, मोठं मन, समाजाला आदर्श. प्रत्येक कौतुकासरशी ते मोबाईल आणखी थोडा दूर सारत होते.

साडेदहाला चेतना स्कूटीवर आली. तिच्या हातात ठरावाचं रजिस्टर होतं, सचिवाची सही घ्यायला. चेहरा हसरा होता. काकू कुठे आहेत, त्यांच्या पाया पडायचं होतं, असं ती म्हणाली. विहारात आहेत म्हटल्यावर जाताना तिकडून जाईन म्हणाली. मग तिला भैय्यालालांचा चेहरा दिसला आणि ती उभी होती तशी खाली बसली.

"झोपली असन ते," भैय्यालाल म्हणाले. तिने काही विचारलंही नव्हतं. "साडेतीनले कोन उठते."

चेतनाला क्षणभर समजलंच नाही. समजलं तेव्हा ती बिचकली. तिने त्यांच्याकडे मोबाईल मागितला. संदेशावर बोट दाबून धरलं की तो कोणी किती वाजता वाचला हे दिसतं. तीन वर्षं ग्रुप चालवणाऱ्या सचिवाला हे ठाऊक नव्हतं.

"काका, हे पाहा. पायल दीदी झोपली नव्हती."

पायलच्या नावापुढे आठ वाजताची वेळ होती. नऊच्या संदेशापुढे नऊ. दहाच्या संदेशापुढे दहा. भैय्यालालांनी चष्मा काढला, परत लावला. चेतना मागे मागे जात राहिली. मागचा रविवार, त्याच्या मागचा, उन्हाळ्यातले, दिवाळीच्या आधीचे. जिथे जिथे तिने बोट दाबलं तिथे पायलने संदेश पडल्याच्या मिनिटालाच वाचलेला होता. तीन वर्षांत एखादा रविवार चुकला असेलच तर तो शोधूनच काढावा लागला असता.

पोरगी झोपलेली असते, या एका समजावर त्यांचा तीन वर्षांचा राग उभा होता, आणि तो समजच साफ खोटा निघाला. पण त्यापेक्षाही वाईट हे होतं की ती जागी होती. घर चाललंय हे तिने वाचलं, तासाने परत वाचलं, आणखी तासाने परत, आणि बोलली नाही. झोपलेल्या माणसाला माफ करता येतं. जाग्या माणसाचं काय करायचं, हे त्यांना कळेना. चेतनाने सही न घेताच रजिस्टर बंद केलं आणि उद्या येते म्हणून हळूच निघून गेली. घाईत विहाराकडे जायचंही विसरली.

अकरा वाजता कांताबाई आल्या. पिशवी खुंटीला अडकवली, पाणी प्यायल्या आणि लाल भाजीची जुडी घेऊन खाली चटईवर निवडायला बसल्या. काही बोलल्या नाहीत. एरवी विहारातून आल्या की कोण आलं, कोण नाही आलं, कोणाच्या सुनेला दिवस गेले, हे सगळं सांगितल्याशिवाय त्यांचा हात भाजीला लागायचा नाही. आज लागला. भैय्यालालांना ते जाणवलं नाही. त्यांच्या डोक्यात एकच घोळत होतं. सव्वाअकराला त्यांनी जे सहा वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं, आपणहून पायलला फोन लावला. अधू कानामुळे ते नेहमी स्पीकरवरच बोलायचे, तसाच लावला.

तिकडे पावणेसात वाजले होते. ती ड्यूटीवर निघालेली असावी, मागे बसचा आवाज येत होता. बापाचा फोन पाहून तिचा पहिला प्रश्न होता, "बाबा? का झालं? आई बरी हाये ना?"

"तू जागी होती," भैय्यालाल म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "दर रविवारी उठते मी. अलार्म लावते."

"मंग बोलत काहून नाही?"

"तुमीच सांगितलं होतं, बाबा. ग्रुप बनला त्या दिवशी. सचिवाची पोट्टी हायेस, पुढं पुढं करू नको, दुसऱ्याइले आधी बोलू दे. मी थांबते. दुसरं कोनी बोलतच नाही. मंग दहा वाजते, अन् तुमी कुलूप लावता."

भैय्यालालांना ते आठवलं. शब्दान् शब्द आठवला. रेल्वे स्टेशनवर गाडीला निरोप देताना दोन शब्द सांगावेत तसं त्यांनी ते फोनवर सांगितलं होतं आणि फोन ठेवताच विसरले होते. पोरीने ते गाठीला बांधून ठेवलं. रविवारी तिची ड्यूटी साडेसातला सुरू होते, पहाटे साडेतीनला उठल्यावर परत झोप येत नाही, हेही तिने आता सांगितलं, तेही तक्रार म्हणून नाही, त्यांनी विचारलं म्हणून. तीन वर्षं. आणि ते इथे बसून म्हणत होते की वर्षातून एकदा उठायला काय जातं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की फोन हातातून खाली ठेवावासा वाटला. पण मूळ प्रश्न अजून तसाच होता, आणि तो विचारल्याशिवाय त्यांना राहवेना.

"पन आज तर घराचा सवाल होता, बेटा."

"लिहिलं होतं मी, नाही म्हनून. तीनदा लिहिलं अन् पुसलं." पायलचा आवाज बदलला. "बाबा, मी रायपूरले परत येनार नाही. इथंच राहीन. हे मले कधीचं सांगाचं होतं, हिंमत नाही झाली. जिले तिथं राहाचंच नाही, तिनं घर देऊ नका कसं म्हनाचं?"

ज्या उत्तरासाठी त्यांनी घर पणाला लावलं होतं ते उत्तर असं समोर आलं. भैय्यालालांना वाटलं आपण रडू, पण रडूही आलं नाही. पोरगी बोलतच होती. ती म्हणत होती की घर माझं नाहीच, घर आईचं आहे. तुमची रात्रपाळी असायची तेव्हा आईच भिंतींवर पाणी मारायची. छत चढलं ते आईच्या डब्यांच्या जोरावर, चौदा वर्षं उरल्याच्या कारखान्यांत तिने डबे पोचवले. तेव्हा आईनं द्यायचं ठरवलं असेल तर कॉर्कमध्ये बसून मी मोडता घालू नये, असा विचार करून मी गप्प बसले. यशदीपशीही बोलणं झालं होतं, विकीशीही. सगळे हेच म्हणाले. काकूंनी एवढं मन मोठं केलं तर आपण काय बोलणार?

मग ती म्हणाली, "पन आई तयार कशी झाली, बाबा?"

भैय्यालाल बोलले नाहीत.

"आईले इचारलं होतं ना?"

आजवर भैय्यालालांना बरेच धक्के बसले होते. कंट्रोल रूममध्ये एकाच रुळावर समोरासमोर दोन गाड्या दिसाव्यात असेही प्रसंग त्यांनी पाहिले होते, आणि वेळेवर निभावून नेले होते. पण या साध्या प्रश्नाने त्यांची जी दातखीळ बसली तशी कधी बसली नव्हती. कारण उत्तर 'नाही' होतं, आणि ते 'नाही' आहे हे त्यांना स्वतःलाही याच क्षणी कळत होतं. त्यांनी विचारलं नव्हतं. विचारायचं टाळलंही नव्हतं. विचारावं असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. टोरंटोचं ऊन कधी उतरतं आणि मेलबर्नला दिवेलागण कधी होते याचा तक्ता त्यांना तोंडपाठ होता. कांताबाईंकडे साधा बटणांचा मोबाईल, त्या ग्रुपवर नव्हत्या. आणि घरातच असलेल्या माणसाला वेगळं काय विचारायचं? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळशाला कोणी शोधतही नव्हतं.

"बाबा?" पायल म्हणाली.

भैय्यालालांच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे हे गप्प राहणं म्हणजे होकार धरायला हवा होता. पायलने तसा धरला नाही. तिकडून एक दबलेला आवाज आला आणि ती म्हणाली, "अरे देवा."

"मले विहारात कळलं, पायल," खालून चटईवरून कांताबाई म्हणाल्या.

भैय्यालालांनी मान वळवली. भाजी निवडून झाली होती. देठं एकीकडे, पानं एकीकडे, आणि कांताबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. कधीपासून तशा बसल्या होत्या कोण जाणे. त्या उठल्या, खुंटीवरची पिशवी काढली आणि त्यातून झेंडूचा एक हार काढून खुर्चीच्या हातावर ठेवला. हार ताजा होता, फक्त एका बाजूने चेपलेला.

"दहा वाजून गेले होते. वंदना झाली, अन् विहारातल्या विनोदिनीनं मोबाईल पाहून समद्यांसमोर सांगितलं. कांताबाईनं घर देल्लं म्हने. बाया टाळ्या वाजवाले लागल्या. फोटोपुढचा हार काढून माझ्या गळ्यात घातला." त्या फोनकडे पाहून बोलत होत्या, नवऱ्याकडे नाही. "मी हव, हव म्हटलं. नाही म्हटलं असतं तर तुह्या बाबाची इज्जत गेली असती."

तिकडून पायलने नाक ओढल्याचा आवाज आला. ती रडत असावी. कांताबाईंनी तिला सांगितलं की तू ड्यूटीवर जा, बस सुटेल, आणि बटण दाबून फोन बंद केला. कसा बंद करतात हे त्यांना ठाऊक होतं.

मग दोघंच उरले. भैय्यालालांना बोलायला तोंड नव्हतं, पण गप्प बसणंही शक्य नव्हतं. आजच्या दिवशी गप्प बसण्याचा त्यांनी धसका घेतला होता. तू घरातच होतीस म्हणून, असं काहीतरी ते म्हणाले. आपण कायमच एकमेकांचं मन ओळखतो, असंही म्हणाले. म्हणता म्हणता त्यांनाच ते इतकं पोकळ वाटलं की वाक्य अर्ध्यावर सुटलं.

कांताबाई चिडल्या असत्या, भांडी आपटली असती, तर बरं झालं असतं. त्या शांतपणे बोलल्या.

"इचारलं असतं ना, तर हव म्हटलं असतं. त्या पायऱ्यांवरच्या पोट्ट्याइले रोज मीच पाहातो, तुमी नाही. मीच तुमाले म्हननार होती, पुढच्या दोन खोल्या देऊन टाका." त्या थांबल्या. "तुमी साऱ्या दुनियेची झोप मोजली, पायलचे बाबा. माझी तर मोजाची गरजच नव्हती. मी रोज इथंच भिंतीपलीकडं जागी होती."

भैय्यालालांनी मान खाली घातली. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती. त्या वर्षांत आणखी कोणकोणत्या गोष्टींना आपण हिचा होकार धरून चाललो, हे मोजायला त्यांचं मन लागलं आणि पहिल्या चार-पाचांतच घाबरून थांबलं. बदलीची शहरं. पायलला परदेशी पाठवणं. स्वतःच्या आईला अखेरच्या आठ वर्षांत या घरात ठेवून घेणं, जिचं सगळं कांताबाईंनी केलं. कशालाच त्या नाही म्हणाल्या नव्हत्या. कशालाच त्यांना विचारलंही नव्हतं.

त्यांनी मोबाईल उचलला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा रविवारी दहानंतर ग्रुपचं कुलूप काढलं. लिहायला फार वेळ लागला. ठराव रद्द. ज्यांच्या कष्टाचं घर आहे त्या कांताबाईंना विचारलं नव्हतं. चूक माझी आहे, त्यांची नाही. त्यांचं उत्तर येईपर्यंत प्रश्न खुला राहील. आणखी एक: यापुढे गप्प राहिलेल्या माणसाला राजी धरलं जाणार नाही, मग तो कोणत्याही देशात असो. एवढं लिहून त्यांनी पाठवलं आणि कांताबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं.

मेलबर्नहून यशदीपचा संदेश लगेच आला. गेल्या तीन वर्षांत भैय्यालालांनीच त्याला जे वळण लावलं होतं त्याला धरूनच त्याने विचारलं होतं: काका, मुदत कितीपर्यंत?

भैय्यालालांनी तो संदेश वाचला आणि सवयीने, केवळ सवयीने, कांताबाईंना विचारून गेले, "किती येळ पाहिजे तुले?"

कांताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आज सकाळपासून पहिल्यांदाच सरळ पाहिलं. मग निवडलेली भाजी झाकून ठेवली, पदर सारखा केला आणि खुर्चीवरचा हार उचलून पिशवीत टाकला.

"विहारात विनोदिनीकडं जातो. हार वापस करून येतो," त्या म्हणाल्या. "समद्यांसमोर घातला, समद्यांसमोरच देऊन येतो. तवा तोंडदेखलं हव म्हटलं, मनानं अजून म्हटलं नाही, हे माह्या तोंडानं सांगतो."

मी येऊ का, असं भैय्यालालांनी विचारलं. त्या म्हणाल्या, नका येऊ. आणि चपला घालून गेल्या.

दार उघडंच राहिलं. त्या विहारातून 'हो' घेऊन येतील की 'नाही', पुढच्या दोन खोल्या देतील की काहीच देणार नाहीत, याचा भैय्यालालांना काही अंदाज बांधता येईना, आणि बांधायचीही आता भीती वाटत होती. चूल थंड होती, बारा वाजून गेले होते. दीड तासाने त्या परत आल्या, रिकामी पिशवी खुंटीला अडकवली आणि एक अक्षर न बोलता स्वयंपाकाला लागल्या. जेवायला किती वाजता बसायचं, हे विचारायचीसुद्धा त्या दिवशी भैय्यालालांची हिंमत झाली नाही.